वडीचा रस्सा

मला जळकी म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण ज्या घरात माझ्या मटणाच्या रश्श्यासाठी माणसं ताटं चाटून पुसून ठेवायची, त्याच घरात धाकटी जाऊ सोयाबीनच्या वड्या शिजवून शाबासकी घेते, तेव्हा कुणाचं काळीज थंड राहील?

धाकटी म्हणजे पूजा. नाशिकची, शिकलेली. सिन्नरला आमच्या घरी नांदायला आली ती वड्यांचं पुडकं घेऊनच. "आक्का, यात मटणापेक्षा जास्त प्रोटीन असतं." असेना का! सोयाबीन आमच्या रानात आम्ही नुकतंच पेरायला लागलो होतो, पण ते बाजारात घालायला. त्याची ती रबरासारखी वडी खायची हौस कुणाला?

हौस निघाली मामंजींना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना. चार वर्षांपूर्वी त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली अन् मटण सुटलं. माळकरी माणसाला तिखट-मसाला कशाला, म्हणून तेव्हापासून मी त्यांना पिवळं वरण अन् फिक्की भाजी वाढत आले. त्यांनी कधी कुरकुर केली नाय. अन् पूजाच्या वडीचा रस्सा पहिल्यांदा ताटात पडला, तर म्हणाले, "वा गं पोरी! अगदी मटणच!" वर पुन्हा वाढून घेतला. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मग तर दर आठवड्याला वडी.

अशात माझ्या लेकीची, रोशनीची सुपारी ठरली. लासलगावची नवऱ्याकडची मंडळी येणार, त्यात निम्मी माळकरी. मामंजी म्हणाले, "रस्सा धाकटी करील."

"माझ्या लेकीच्या सुपारीला चुलीपुढं ही बसणार, अन् मी काय भांडी घासू?" मी तडकलेच. "वडीच ना? मीबी करते. उद्या दोघी करू. मामंजींनी सांगावं, कुणाचा रस्सा पंगतीला जाईल ते." पूजाला बजावलं, "अन् माझ्या काळ्या मसाल्याच्या बरणीला हात लावायचा नाय. तुझी वडी, तुझाच मसाला."

दुसऱ्या दिवशी तिनं माहेरचा मसाला काढला. मी वड्या गरम पाण्यात टाकल्या, फुगल्या तशा उचलून रश्श्यात सोडल्या. पूजा म्हणाली, "आक्का, पिळून घ्या ना." म्हटलं, मटण कधी कुणी पिळून घातलंय? आली मोठी शिकवणारी!

मामंजींनी आधी पूजाची वडी खाल्ली. "वडी मऊ हाय. पण आज नुसतं सोयाबीनच लागतंय." पूजाचं तोंड एवढंसं झालं. खोटं कशाला बोलू, मला मनातून गुदगुल्या झाल्या.

मग माझी वाटी. पहिली वडी दाताखाली धरली अन् तोंड वाकडं केलं. न पिळलेल्या वडीतलं उग्र पाणी! ती ताटाच्या कडेला गेली. दुसरीबी गेली. झालं, म्हटलं, इज्जतीचा फालुदा. पण त्यांनी वाटी उचलून तोंडाला लावली, सगळा रस्सा पिऊन टाकला अन् वाटी पुढं केली. "नुसता रस्सा दे."

"अन् वड्या?"

"वड्यांना काय करायचंय? कुसाबाई, मटण मी आपण होऊन सोडलं. तुझा रस्सा कुठं सोडला होता? तूच पिवळं वरण वाढत राहिलीस. सुनेपाशी जिभेचे चोचले कसे सांगायचे? मग ही पोर तुझ्या बरणीतला मसाला घालून वड्या करायला लागली. मला वाटलं, आला परत."

म्हणजे इतके दिवस मी जळत होते ती माझ्याच रश्श्यावर! डोळे भरून आले. अन् त्यातही पूजाचा राग आलाच, की हे मला सोडून हिला कसं सुचलं?

सुपारीच्या दिवशी बरणी तिच्यापुढं आदळली. "हा मसाला मी घालते, वड्या तू पिळ. अन् पंगतीत कुणी विचारलं रस्सा कुणाचा, तर?"

"तुमचाच सांगते, आक्का."

"मोठ्यानं सांग."