हेल्मेटवरचा फेटा

तेजलची उजवी भुवई जवळजवळ संपली होती. आता ती डावी उपटायला लागली होती. जेवताना, अभ्यास करताना, टीव्हीसमोर बसलेली असताना बोटं आपोआप कपाळाकडे जायची. तिच्या आईने, मानसीने, हात धरला की ती तो मुकाट्याने खाली घ्यायची, आणि आईची पाठ वळली की पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, मुलीचं मन कशात तरी रमवा. ते कशात रमतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मालाडमध्ये ते मिळत नव्हतं.

अकरा वर्षांची ही पोर न्यूझीलंडमध्ये जन्मली, तिथेच वाढली आणि सहाव्या वर्षापासून घोड्यावर बसली. मग तिच्या बाबांची, हर्षदची, नोकरी गेली, दुसरी मिळाली नाही, आणि चार महिन्यांपूर्वी तिघं मानसीच्या सासूबाईंच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. निघताना मानसीने शब्द दिला होता, "तिकडेही घोडा मिळेल. मी शोधून देईन."

शहरातला घोडेस्वारीचा क्लब निघाला फक्त सभासदांच्या मुलांसाठी. दुसरी शाळा पनवेलच्याही पुढे, जाऊन यायला पाच तास. चौपाटीवरच्या माणसाने लगाम स्वतःच्या हातात ठेवून चाळीस पावलं फिरवलं. तेजल उतरली आणि म्हणाली, "आई, घोड्याच्या पायाला जखम आहे." त्या दिवशी ती जेवली नाही.

"चेडवाक घोडो कशाक होयो?" सासूबाई म्हणायच्या. "नाचाक घाल, पोहाक घाल. आमच्यात कोण घोड्यार बसाक नाय, वरातीत सुद्धा नाय. तुझो सासरो गिरणीतली पाळी संपवन चलत बोहल्यार इलो."

राहता राहिला आरे कॉलनीतला चंद्रप्रकाश. तो शूटिंगला घोडे पुरवायचा. मानसी तीनदा त्याच्या तबेल्यावर जाऊन आली, तिन्ही वेळा त्याने दारातूनच वाटेला लावलं. "मॅडम, मी शिकवणी घेत नाही. पोरगी पडली तर मला कोण वाचवणार?"

चौथ्या वेळी त्याचाच फोन आला. "तुमची पोरगी खरंच बसते, की फक्त फोटो काढते?"

एका मालिकेत छोट्या राजपुत्राला घोडा दौडवायचा होता, आणि राजपुत्र झालेला मुलगा घोडा पाहूनच रडायला लागला होता. "पाठमोरा शॉट आहे. पोरगा की पोरगी, कुणाला दिसतंय? नीट केलं तर रोज सकाळी माझ्याकडे पाठवा तिला."

रोज सकाळी. मानसीला पुढचं मागचं काही ऐकूच आलं नाही.

सेट आरेच्याच एका टोकाला होता. घोड्याचं नाव राजू, अंगाने राखाडी. तेजलने पिशवीतून आपलं हेल्मेट काढलं, डोक्यावर चढवलं आणि राजूच्या नाकाजवळ तळहात धरून उभी राहिली. बराच वेळ. राजूने फुर्रर्र केलं. कपाळाशी गेलेला तिचा दुसरा हात खाली आला.

"बसते," चंद्रप्रकाश स्वतःशीच म्हणाला.

तेवढ्यात दिग्दर्शकाचा सहायक मितेश धावत आला. "अरे, हे काय? हेल्मेट काढा यार! राजपुत्र बाइकवरून येतोय का?"

हेल्मेट नाही तर घोडा नाही, हा तेजलचा नियम होता. तिकडे हर्षद एकदा फोटोसाठी नुसत्या डोक्याने खोगिरावर बसला, तर सात वर्षांच्या तेजलने रागावून त्याला खाली उतरवलं होतं. तीच तेजल आता हनुवटीखालचा पट्टा सोडत होती.

"मला चालेल," ती म्हणाली. "आई, चालेल ना?"

मानसीने दौडायच्या वाटेकडे पाहिलं. समोर दगडगोट्यांचा उतार होता.

"नाही."

"मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे."

"आई, प्लीज."

"नाही म्हटलं ना!"

तेजलचा हात कपाळाकडे गेला. मानसीने तो पाहिला. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि फेटे बांधणाऱ्या बाळाकाकांना गाठलं. "काका, हेल्मेटवरून बांधता येईल?"

"ताई, भोपळा दिसेल."

"दिसू दे."

त्यांनी बांधला. अख्ख्या सेटने पाहिलं आणि अख्खा सेट हसला. दिग्दर्शकाने स्क्रीनवर एक नजर टाकली आणि शॉट रद्द केला. उद्या त्याच मुलाला स्टुलावर बसवून जवळून घेऊ म्हणाला.

"वाट लावलीत मॅडम," चंद्रप्रकाश म्हणाला. "आता ते मला परत बोलावतात की नाही, देव जाणे."

तेजल राजूच्या मानेला चिकटून उभी होती. रडत नव्हती. मानसीला तेच बघवेना.

"राजू परत कसा जातो?" तिने विचारलं.

"चालत. तबेला दोन किलोमीटरवर आहे."

"त्याच्यावर कोण बसतं?"

"कोण नाही. माझा माणूस एका घोड्यावर बसतो, दुसऱ्याला दोराने नेतो."

"म्हणजे दुसरा रिकामाच जातो."

चंद्रप्रकाशने तिच्याकडे पाहिलं. "रस्त्यावर बस येते मॅडम."

"मी दोर धरते."

मानसीने आयुष्यात घोड्याला हात लावला नव्हता. तिकडे पाच वर्षं ती कुंपणाबाहेर गाडीच्या काचा वर करून बसायची.

तेजल राजूवर चढली आणि ते निघाले. फेटा सोडायला कुणाला सुचलं नाही. वळणावर बस आली तशी मानसीने दोर दोन्ही हातांनी आवळला आणि डोळे मिटले. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "ए भोपळ्या!" राजूने कान हलवले, पण तो चालत राहिला. मानसीने डोळे उघडून वर पाहिलं. तेजलची पाठ ताठ होती आणि दोन्ही हात लगामावर होते. तबेला येईपर्यंत ते तिथेच राहिले.

फाटकाशी चंद्रप्रकाशने दोर मानसीच्या हातातून घेतला. तिचे तळवे सोलवटले होते.

"सकाळी सातला पाच घोडे निघतात सेटवर," तो म्हणाला. "माणसं माझ्याकडे दोनच आहेत. दोर तुम्हीच धरायचा. आणि तो फेटा नको, राजू बुजेल एखाद्या दिवशी."

तेजलची शाळा सव्वासातची होती.

"आम्ही येतो," मानसी म्हणाली.