वापरणाऱ्याची चूक

काकांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी सगळी गल्ली त्यांना चालेलकाका म्हणायची, आणि त्यात गल्लीची काही चूक नव्हती. नव्या बुटाचा एक पाय घट्ट निघाला? चालेल. छत्री उघडली की मिटेना? चालेल. एकदा तर दुकानदारानं हातमोजे दिले ते दोन्ही डाव्या हाताचे. हा सद्गृहस्थ ते घेऊन घरी आला आणि पूर्ण हिवाळा त्यातला एक उलटा करून उजव्या हातात घालत राहिला. बदलून आणायचे? छे! दुकानदाराला तोंडावर 'तुमचा माल खराब आहे' म्हणायचं, या नुसत्या विचारानंच काका दुकानाच्या पायरीवरून मागे फिरायचे.

आणि अशा माणसाला बायको मिळाली ती काकूंसारखी. काकू एकतीस वर्षं शिवणकाम करत होत्या. कापड फाटेल, पण माझी टीप निघणार नाही, असं त्या गिऱ्हाइकाला नाकावर टिच्चून सांगायच्या. एकतीस वर्षांत ते कुणी खोटं ठरवलं नव्हतं. काका स्वतःविषयी कधी चार शब्द बोलले नसतील, पण काकूंच्या शिवणीचा विषय निघाला की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

म्हणूनच हॉस्पिटलच्या स्टोअरमधून अकरा एप्रन परत आले, तेव्हा काकांना काकूंकडे बघवेना.

झालं होतं असं. पायानं चालवायचं जुनं मशीन थकलं, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मोठ्या रस्त्यावरच्या दुकानातून मोटरचं नवं कोरं मशीन आणलं. त्याच्यावर पहिलंच मोठं काम आलं ते नर्सबाईंच्या साठ एप्रनचं. काकूंनी ते वेळेत दिलं. महिनाभरात एका नर्सनं सलाईनची बाटली अडकवायला हात वर केला आणि काखेतली शिवण चर्रकन उसवली. मग दुसरीची. मग तिसरीची. अकरा!

काकूंनी दोन दिवस मशीनसमोर ठाण मांडलं आणि रोग शोधून काढला. थंड असताना मशीन अगदी गुणी बाळ. वीसेक मिनिटं चालून तापलं की मात्र मधूनमधून टाका सोडायचं. वरून बघाल तर टीप सरळ दिसे. बोटांनी ओढली की उकललीच.

काकू दोनदा दुकानात जाऊन आल्या. दोन्ही वेळा तिथल्या मेकॅनिकनं एक चिंधी घेतली, दोन मिनिटं घर्रर्र केलं, चिंधी ओढून दाखवली आणि चिठ्ठी लिहून दिली: 'मशीन ठीक. वापरणाऱ्याची चूक.'

वापरणाऱ्याची चूक! काकूंनी ती चिठ्ठी वाचली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की काकांना वाटलं, यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं. बरं, गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. हॉस्पिटलच्या स्टोअरच्या मॅडमनी ती चिठ्ठी मागून घेऊन वाचली आणि त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं काम मला आवडतं. पण दुकानदार लिहून देतोय की चूक तुमची. मी वर काय सांगू? मशीन खराब होतं असं त्याच्याकडून लेखी आणा. नाहीतर सोमवारी मला काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

दुसऱ्या दिवशी होता शनिवार. सकाळी दहाला दुकान उघडलं आणि पायरीवर हे दोघं उभे. काकांच्या खांद्यावर मशीन, काकूंच्या हातात घरचं स्टूल, दोऱ्याची रिळं आणि एप्रनच्या कापडाचा एक सबंध तागा.

"पुन्हा तुम्ही?" मालक म्हणाले. बाकी माणूस गोड होता हं. फसवणारी माणसं कडू असती तर जगात कुणी फसलंच नसतं.

"पुन्हा आम्हीच," काकू म्हणाल्या. त्यांनी दुकानाच्या मधोमध स्टूल मांडलं, मशीन टेबलावर ठेवून घेतलं आणि वायर भिंतीत खोचली.

"काकू, अहो, इथं शिवायला नाही बसता येत."

"दुकान शिलाई मशीनचं आहे ना? मग इथं शिवू नको तर काय केस कापू? तुमचा मेकॅनिक दोन मिनिटं चालवतो. मी अर्धा तास चालवणार. समोर उभं राहून बघा आणि मग काय लिहायचं ते लिहा."

आणि त्यांनी शिवायला सुरुवात केली. काका भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दुकानात सुया घ्यायला आलेली एक बाई थबकली. नवं मशीन बघायला आलेलं एक तरुण जोडपं जवळ सरकलं. काकूंचे हात चालू झाले की बघणाऱ्याचा पाय तिथून निघत नसे, हे काका एकतीस वर्षं बघत आले होते. कापड वळे, सरके, आणि टीप अशी सरळ पडे की पट्टीनं आखावी.

"काय हात आहे!" जोडप्यातली मुलगी नवऱ्याला म्हणाली. ते काकांनी ऐकलं आणि पाठ भिंतीपासून जरा सुटी झाली.

पण घड्याळ पुढे सरकत होतं. वीस मिनिटं झाली. काकूंनी टीप ओढून बघितली. पक्की. पंचवीस झाली. पक्की. मेकॅनिक हाताची घडी घालून हसायला लागला. तीस मिनिटं झाली आणि टीप तरीही पक्की! काकूंच्या कपाळावर आठी पडली. त्या थांबल्या नाहीत, पण काकांनी ओळखलं, बाई मनातून हादरल्यात. नेमकं आजच हे मेलं मशीन शहाण्यासारखं वागायला लागलं होतं.

"काकू, दमला असाल. पाणी सांगू का?" मालक मधाळ आवाजात म्हणाले. "पंखा येतोय ना नीट?"

पंखा! काकांनी मान वर केली. मालकानं मघाशी मोठ्या प्रेमानं उभा पंखा ओढून आणला होता तो थेट मशीनवर रोखलेला, आणि भरधाव फिरत होता. अहो, मशीन तापणार कसं? त्याला तर हवा खायला बसवलं होतं!

आता दुसऱ्याच्या दुकानातला पंखा बंद करायचा म्हणजे काकांच्या लेखी दरोडाच. एकदा त्यांनी मालकाकडे बघितलं, एकदा काकूंच्या घामेजल्या मानेकडे. मग ते चार पावलं चालत गेले आणि त्यांनी बटण दाबलं.

"काका, अहो, का?"

"आमच्या घरी शिवताना पंखा लावत नाहीत," काका म्हणाले. "कापड उडतं."

काकूंनी मान न वळवता नवऱ्याकडे तिरपा कटाक्ष टाकला आणि मशीन आणखी जोरात सोडलं. दुकानात उकडायला लागलं, तरी कुणी हललं नाही. पंधरा मिनिटं. मोटरचा तापलेला वास यायला लागला. आवाजात मधेच एक बारीकशी ठेच आली, टक्. पुन्हा टक्. काकूंनी मशीन थांबवलं, दोरा तोडला आणि कापड मालकाच्या हातात दिलं.

"ओढा."

मालकानं ओढलं. वीतभर शिवण सरसरून उकलली.

"अगंबाई!" सुईवाली बाई म्हणाली.

"थांबा, पहिल्यापासून ओढा," काकूंनी सांगितलं. "ही पहिल्या अर्ध्या तासाची टीप. ओढा, जोर लावा!" मालकानं जोर लावला. कापड ताणलं गेलं, शिवण हलली नाही. "हात तोच, दोरा तोच, कापड तेच. आता बोला, कुणाची चूक?"

मेकॅनिकची घडी कधीच सुटली होती. मालकाच्या तोंडावरचं हसू मात्र जागच्या जागी होतं. त्यांनी लगबगीनं एक कागद लिहिला आणि काकूंना ओलांडून तो काकांसमोर ठेवला. "वाद कशाला घालायचा, काका? तुम्ही घरची माणसं. हे नवं खोकं उघडतो, आत्ता घेऊन जा. बिल तुमच्या नावावर आहे, म्हणून तुमची सही लागेल. बस, एक सही!"

काकांनी पेन घेतलं. सवयच ती. नवं मशीन मिळतंय, भांडण मिटतंय, घरी जाता येतंय. पेनाचं टोक कागदाला टेकणार, तेवढ्यात त्यांनी काकूंकडे बघितलं. नको म्हणाल्या नाहीत, डोळेही वटारले नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. काकांनी चष्मा नाकावर चढवला आणि कागद वाचला. मोठ्यानं वाचला. "मशीनमध्ये दोष आढळला नाही. ग्राहकाच्या विनंतीवरून, सदिच्छा म्हणून बदलून दिले."

"ही सही मी करणार नाही," काका म्हणाले. "दोष आढळला नाही म्हणजे काय? इथं इतक्या माणसांना आढळला. आणि सदिच्छा कसली? आम्ही तुमच्या दारी मागायला आलो नाही. खराब वस्तू विकलीत तर ती बदलून द्यायची हा कायदा आहे, ती तुमची मेहेरबानी नाही. हिच्या हाताची चूक आहे असं तुम्ही लिहून दिलंत. एकतीस वर्षं हा हात मी बघतोय. आधी ते खोडा. खोडत नसाल तर हे मशीन आणि हे कापड घेऊन आम्ही ग्राहक मंचात जातो."

"साक्षीला आम्ही येतो," जोडप्यातला नवरा म्हणाला. सुईवाल्या बाईनं तर न विचारताच आपला फोन नंबर सांगायला सुरुवात केली.

मालक काही बोलायच्या आत मेकॅनिक पुढे आला. कान लाल झालेले. "मालक, चूक माझी आहे. मी दोन मिनिटंच चालवून बघितलं होतं. काकू, माफ करा." त्यानं दुकानाचा छापील कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं, की तापल्यावर मशीन टाका सोडतं, दोष मशीनचा आहे, वापरणाऱ्याची काहीही चूक नाही, आधीची चिठ्ठी रद्द. मालकानं एक मोठा सुस्कारा सोडला आणि खाली सही-शिक्का करून नवं खोकं काकांच्या हवाली केलं.

बाहेर आल्यावर काकू फुटपाथवर थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही इतकं बोलता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." डोळे भरून आले होते त्यांचे. काकांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी नवं मशीन या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

मशीन घरी टाकून दोघं तडक हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये गेले. मॅडमनी कागद वाचला आणि त्या मोकळ्या हसल्या. "झालं तर मग! काम तुमचंच. त्या अकरांच्या शिवणी तेवढ्या मारून द्या."

"आणि बाकीचे एकोणपन्नास?" काकूंनी विचारलं.

"ते धड आहेत की."

"आज धड आहेत. शिवलेत त्याच मशीनवर. साठच्या साठ परत घेते, मॅडम. अकरा घरी आहेतच, आज कपाटात असतील तेवढे न्या म्हणाल तर नेते, ते आणून दिले की बाकीचे. सगळ्या शिवणी काढून नव्यानं मारते. पैसे नकोत."

"अहो बाई, पण तुमची चूक नाही! इथं शिक्क्यानिशी लिहिलंय."

"ते मशीनविषयी लिहिलंय. दुकानदारानं मला मशीन विकलं, तसे मी तुम्हाला एप्रन विकलेत. आणि खरं सांगू? जुन्या मशीनवर मी प्रत्येक टीप ओढून बघायचे. हे नवं कोरं आलं, म्हणून डोळे मिटून भरवसा ठेवला. तेवढी चूक माझी आहे. ती कुणी लिहून द्यायची गरज नाही."

मॅडम उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. काकांना वाटलं, दुकानात बायको जिंकली तेव्हा आपल्याला अभिमान वाटला होता, पण तो याच्यापुढे काहीच नव्हे. कपाटातल्या एप्रनची दोन गाठोडी झाली. त्यांनी दोन्ही उचलली, काकूंना एकही उचलू दिलं नाही.

फाटकावर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. "काय नेताय?"

"एप्रन!" काका ताठ उभे राहून म्हणाले. "आमच्या हिनं शिवलेले आहेत. काही खराब निघाले, म्हणून सगळे परत घेतोय!"

"अहो, हळू," काकू पुटपुटल्या. "आख्ख्या हॉस्पिटलला ऐकू जाईल."

"जाऊ दे की," काका म्हणाले, आणि त्यांनी पहारेकऱ्याला ते पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं सांगितलं.