पाय सांगायचा राहिला

सिद्धूला हळद लावायला बायका जमल्या, तेव्हा त्याची आई म्हाळसा सरळ त्याच्या पायांशी जाऊन बसली. "पायाला मीच लावणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय," म्हणाली. लेकाचे पाय धरायची हौस आजच भागवून घे, उद्यापासून ते बायकोच्या मागंमागं जाणार, असं कुणीतरी म्हणालं आणि मांडवभर हशा पिकला. म्हाळसाही हसली. लेकाचं उजवं पाऊल तव्यासारखं तापलं होतं आणि घोट्यापर्यंत टम्म सुजलं होतं. तिनं त्यावर हळदीचा जाड थर दिला आणि धोतराचा सोगा ओढून घेतला.

आता ही भानगड काय, ते सांगायला हवं. पाच दिवसांपूर्वी लासुर्ण्याच्या रानात पाचट ओढताना तोडलेल्या उसाचं बुडखं सिद्धूची चप्पल फाडून पायात घुसलं. म्हाळसानं ते उपटलं, बिब्बा तापवून चटका दिला, वर फडकं बांधलं. एरवी एवढ्यावर भागतं. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, पोरगं लंगडायला लागलं, तेव्हा दुसरं कुणी असतं तर डॉक्टरकडं गेलं असतं. पण लग्न तोंडावर आलेलं, आणि मुलीचे, म्हणजे संजीवनीचे, वडील कोण, तर भिगवणचे दादासो.

ह्या दादासोंची तऱ्हाच वेगळी. बघायच्या कार्यक्रमात पोरीला चालायला लावायची आपल्याकडं रीत. ह्या गृहस्थांनी चहाची बशी खाली ठेवली आणि नवऱ्या मुलालाच सांगितलं, "जरा ओट्यापास्नं गोठ्यापतूर चालून दावा." त्याला कारण होतं. त्यांची थोरली बहीण फसवून दिलेली. नवऱ्याचा एक पाय अधू आहे हे तिला लग्न लागल्यावर कळलं. "काय असंल ते आदी सांगा," दादासो तेव्हाच बोलले होते, "मागनं कळलेलं आमाला चालत न्हाय."

सिद्धू सत्तावीस वर्षांचा, आधीच्या तीन सोयरिकी फिसकटलेल्या. म्हाळसानं त्याला बजावलं, दोन दिवस कळ सोस, नीट चाल, कुणाला बोलू नको, अक्षता पडल्या की बारामतीला दाखवू. आई झाली म्हणून इतकी अक्कल गहाण टाकायची का माणसानं? पण तिनं टाकली खरी.

हळद संपत आली आणि सिद्धू थडथडा कापायला लागला. मे महिन्याचं ऊन, शहाण्णव साली तर दहा वाजताच पत्रा तापायचा, आणि हा कापतोय. बायका म्हणाल्या, पोरगं बावरलंय. एक जण म्हणाली, "हळद काय चढलीय बघा, पार डोळ्यात गेली." पुन्हा हशा.

म्हाळसाचे सासरे महिपतीआबा तेवढे हसले नाहीत. आबांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. ते काठी टेकत उठले आणि मेंढराचा बघावा तसा त्यांनी नातवाचा डोळा अंगठ्यानं खाली ओढून बघितला.

"ही हळद न्हाय," ते म्हणाले. "डोळ्याच्या आत कोण हळद लावतं का?"

मांडवात एकच शब्द फिरला, कावीळ. मग काय, ज्याला त्याला औषध ठाऊक. अंथुर्ण्यात एक जण पाला पिळून नाकात घालतो, तीन वेळा घातला की पिवळं पाणी गळून जातं, गाडी काढा, निघा. म्हाळसाला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं. कावीळ म्हणजे पायाचा संबंध नाही, म्हणजे आपला दोष नाही. त्या घटकाभराच्या बरं वाटण्याचं पुढं तिनं स्वतःला लई बोलून घेतलं.

वधूकडचं वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. तिथून दादासो आले, सिद्धूच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "पाला मागनं बघू. टेम्पो हाय माझा. बारामतीला चला." त्यांचा टेम्पो भिगवणहून मासळी वाहायचा. त्याच वासात, ताडपत्रीवर सिद्धूला निजवलं. म्हाळसाचा नवरा कुंडलिक पाहुण्यांना सांभाळायला मागं राहिला. म्हाळसानं आबांचं घोंगडं पोराच्या पायांवर घातलं आणि चारी बाजूंनी खोचलं.

वाटेत सिद्धू बरळायला लागला. मेंढरं कुणी सोडली, असं विचारायला लागला. घरातली मेंढरं विकून दहा वर्षं झालेली. त्याचं अंग तापलेलं आणि हात मात्र गार. शेजारी बसलेले दादासो म्हणाले, "ताप कवापास्नं हाय?"

"आजच," म्हाळसा म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहान, बोलायला नेमक्या. त्यांनी नाडी बघितली, बीपी बघितलं, पोट दाबलं, डोळे बघितले. कपाळाला आठ्या पडल्या.

"काविळीत डोळे पिवळे झाले की ताप बहुतेक उतरतो," त्या म्हणाल्या. "ह्याचा चढतोय. बीपी खाली, श्वास जोरात. लघवी केव्हा झाली?"

"काल," म्हाळसा म्हणाली.

"अंगावर कुठं जखम? गळू? काही लागलं, टोचलं?"

दादासो हातभर अंतरावर उभे होते. म्हाळसानं मान हलवली, नाही.

"बरं. रक्त पाठवते तपासायला. दुपारी रिपोर्ट आला की ठरवू." डॉक्टरीणबाई सिस्टरला सलाईन सांगून दाराकडं वळल्या.

तेवढ्यात सिद्धूनं डोळे उघडले. क्षणभर तो पुरता शुद्धीवर होता. त्यानं डॉक्टरांकडं बघितलं, मग आईकडं बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. प्रश्न त्यानं ऐकला होता. कुणाला बोलायचं नाही असं आईनं बजावलेलं, म्हणून जीव चाललेला असताना पोरगं तोंड मिटून पडलं होतं.

म्हाळसानं घोंगडं ओढून फेकलं.

"पाय," ती म्हणाली. "उजवा पाय. पाच दिस झालं. उसाचं बुडखं घुसलं व्हतं, मीच बिब्बा लावला. ताप तीन दिसापास्नं हाय. मीच सांगितलं त्याला, कुणाला बोलू नगं म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी ओल्या कापसानं हळद पुसली. खालचं कातडं काळंनिळं होतं आणि दाबलं तिथून घाण वास सुटला. त्या सिस्टरला भराभर सूचना देऊ लागल्या. दहा मिनिटांत सिद्धूला आत नेलं. दादासो बाहेर जाऊन पायरीवर बसले, म्हाळसाकडं पाठ करून.

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पाय चिरून घाण काढली होती, मोठी औषधं चालू केली होती.

"मग कावीळ?" म्हाळसानं विचारलं.

"लिव्हरचा स्वतःचा आजार नाही हा. पायातले जंतू रक्तात गेलेत, सगळं अंग त्यांच्याशी झगडतंय. लिव्हरच्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात, कोणतं काम चालू, कोणतं बंद, ते त्यांच्यावर ठरतं. अशा वेळी रोजची कामं मागं पडतात आणि झगड्याची कामं पुढं येतात. पित्त बाहेर टाकणं हे रोजचं काम. ते तुंबलं, म्हणून डोळे पिवळे."

म्हाळसाला जनुकं कळली नाहीत, पण बाकीचं कळलं. लग्नघरातही तेच चाललं होतं. दोन दिवस सगळे मांडवात, गोठ्यात शेण तसंच पडलेलं.

"मंग ते काम परत चालू व्हतंय का?"

"जंतू आटोक्यात आले तर होतं. पण उशीर झालाय. काही सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताची वेळ आली आणि गेली. म्हाळसा खाटेशी उभी होती. लघवीच्या पिशवीवर तिची नजर होती. तळाला चहाच्या रंगाचं ओंजळभरही साठलं नव्हतं. बसायला स्टूल होतं, पण ती बसली नाही. पोरगं गेलं तर ते जंतूंनी नेलं असं लोक म्हणतील, पण आपण नेलं हे आपल्याला ठाऊक राहील, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. दादासो सकाळी येऊन काचेतून बघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी अर्ध्यावर आली होती. डॉक्टरीणबाईंनी बीपी बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं. "धोका टळला म्हणत नाही," त्या म्हणाल्या, "पण औषधाला साथ देतोय. पायाची दोन बोटं मात्र काढावी लागतील."

म्हाळसा बाहेर आली. दादासो पायरीवरच होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पावणं, मुतायला लागलाय," ती म्हणाली. "पण अजून खरं न्हाय. दोन बोटं काढणार हायत. चालताना लंगडंल, कदाचित जन्मभर. आणि..." तिनं दम घेतला. "आणि दहावी पास हाय म्हणून सांगितलं व्हतं, ती बी न्हाय. गणितात गेलाय. दोनदा."

दादासोंनी मान वर केली. तीन दिवसांची दाढी वाढलेली.

"गणिताचं साखरपुड्याआदीच ठावं हाय आमाला," ते म्हणाले. "तुमी सांगाल म्हणून वाट बघत व्हतो."

म्हाळसानं विचारलं, "संजीवनी काय म्हणती?"

"ती काय म्हणणार. हळदीच्या अंगानं उंबरा वलांडू नगं म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. ऐकती कुठं. फाटकाभायेर टेम्पोत बसलीय पहाटंपास्नं." दादासो गुडघ्यावर हात टेकून उठले. "बोलवू का तिला आत?"

"बोलवा," म्हाळसा म्हणाली. ते फाटकाकडं चार पावलं गेले, तेव्हा तिनं मागून हाक मारली. "पर डोळं अजून पिवळं हायत त्याचं. आणि पायाचं बी. सगळं तिला आदी सांगा, मंग आणा."