डावीकडे ओढणारी गाडी

लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्या घरात सवत आली. लाल रंगाची, दोनच माणसांची, विलायती स्पोर्ट्स कार. गिरणीतला कुणी गोरा मॅनेजर जाताना मागे ठेवून गेला होता, ती या हातातून त्या हातात फिरत भवानी पेठेत आमच्या दाराशी पोचली. माझे यजमान शिवयोगी. तेव्हा मी नाव घेत नव्हते, आता घेते, कोण काय म्हणायचं ते म्हणू दे. सुताच्या पेढीवर बसायचं सोडून हा माणूस तिच्याखाली आडवा पडलेला असायचा. जेवायला हाक मारली की गाडीखालून नुसते पाय हलायचे.

गाडी दिसायला देखणी आणि वागायला अवघड. वळणावर मागचं अंग बाहेर फेकायची आणि ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. ह्यांनी वर्षभर तिला वळण लावलं. लोहाराकडून स्प्रिंगचे पाटे बदलून घेऊन तिला बसकी केली. वळताना झुकू नये म्हणून पुढच्या चाकांमध्ये जाड सळई बसवली. ब्रेकचे ड्रम कुर्डुवाडीच्या एका ओळखीच्या टर्नरकडून लेथवर घासून आणले, आत नवी लायनिंग, म्हणजे ड्रमला घासून चाक धरणारी पट्टी, लावली. मला हे सगळं अजून पाठ आहे, कारण जेवताना दुसरा विषयच नसायचा.

खोटं कशाला बोलू, मलाही तिचा लळा लागला होता. संध्याकाळी हे मला अक्कलकोट रस्त्याला न्यायचे. पदर दातांत धरून मी जीव मुठीत घेऊन बसायची आणि वळण आलं की हे म्हणायचे, "बघ आता, शेपूट हलतंय का?" नाही हलायचं. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जो आनंद असायचा तो नंतर आमच्या मुलांच्या लग्नांतही मला दिसला नाही.

माझे सासरे गुरुसिद्धप्पा तापट होते. पेट्रोल महागलं आणि त्यांचा धीर सुटला. चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याच्या तोंडावर अकलूजचे महिपतराव नावाचे बागाईतदार गाडी मागायला लागले. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी ते येणार होते. सासऱ्यांनी ह्यांना समोर बसवून सांगितलं की दसऱ्याला मी स्वतः शेजारी बसेन, होटगी रस्त्यावर मी सांगेन तिथं गाडी सरळ थांबली तर ती राहील, नाही तर महिपतराव नेतील. एकदाच बघणार. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

हे खूश झाले. तीन चाकांचं काम संपलं होतं, उजवीकडचं पुढचं तेवढं राहिलं होतं. खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पूजेला मांडतात. पेढीचा तराजू, वजनं, कातरी, विळी, आणि त्यांच्या शेजारी ह्यांनी त्या चाकाचा ड्रम आणि लायनिंग ठेवली. दुपारी पेढीवरची पूजा आटोपून आले, फडक्यानं हळदकुंकू पुसलं आणि चाक बसवून टाकलं. तोवर अंधार पडला, चालवून बघायचं राहून गेलं.

दसऱ्याच्या सकाळी बापलेक निघाले. सासूबाई बसव्वा आणि मी दारात उभ्या राहिलो. हे माझ्याकडे बघून हसले, जणू परीक्षेचा पेपर आधीच फुटला होता.

तासाभरात परत आले. सासऱ्यांच्या धोतराला माती आणि तुरीचा पाला होता. त्यांनी 'थांबव' म्हटलं, ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढत थेट शेतात शिरली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सासरे एवढंच म्हणाले की उद्या गाडी जाईल, आणि वर्षभर पोरानं नुसता वेळ घालवला.

सोनं वाटून झाल्यावर संध्याकाळी ह्यांनी ते उजवं चाक काढलं. मी कंदील धरला होता. लायनिंगवर त्यांनी अंगठा फिरवला, वास घेतला आणि मग तो माझ्या नाकापाशी आणला. करडीचं तेल. आमच्या स्वयंपाकघरातलं. लोखंड गंजू नये म्हणून सासूबाई दर खंडेनवमीला प्रत्येक हत्याराला तेल लावायच्या. तसं ते त्यांनी त्या ड्रमला आणि लायनिंगलाही मनोभावे लावलं होतं. लायनिंगनं ते पिऊन टाकलं. तेल प्यालेलं उजवं चाक घसरलं, डाव्यानं धरलं, म्हणून गाडी डावीकडे गेली. ह्यांच्या कामात काही खोट नव्हती.

मी तशीच उठले, सासऱ्यांना सांगायला. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"बस खाली."

"अहो, तुमची गाडी चालली. एक शब्द सांगितला तर राहील."

"आणि अव्वाचं काय? नवरा आन् पोरगा आपल्या हातानं मरायला लावले असते, हे कळल्यावर ती जगंल व्हय? आप्पा तर जलमभर बोलून दाखवतील."

मला इतका राग आला. आपल्या वर्षाच्या मेहनतीवर असं पाणी सोडतात का? मी रडले, भांडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि डब्यात उरलेली कोरी लायनिंग काढून त्या चाकाला बसवायला लागले. दुसऱ्याच्या हातात देताना गाडी नीट हवी, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी महिपतराव आले. घ्यायच्या आधी चालवून बघतो म्हणाले, आणि सासरे त्यांच्या शेजारी बसून गेले. परतताना महिपतराव खुशीत होते. त्यांनी दोनदा जोरात ब्रेक दाबला होता आणि दोन्ही वेळा गाडी जागच्या जागी, सरळ थांबली होती.

सासरे गाडीतून उतरले ते थेट लेकासमोर येऊन उभे राहिले.

"काल का न्हाय थांबली रे?"

 सासूबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"काल माजाच पाय चुकला, आप्पा," हे म्हणाले.

 पोराला चालवायचीच अक्कल नाही असं सासऱ्यांच्या मनात बसलं ते कायमचं. महिपतराव गाडी घेऊन निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत लाल रंग दिसत राहिला, मग तोही दिसेनासा झाला. सासूबाई ह्यांच्या जवळ आल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

"जाऊ दे रं. म्या सवताच्या हातानं त्या चाकाला तेल लावून पूजा केल्ती, म्हणून तर तुमी दोगं जित्तं परत आलासा."

"व्हय अव्वा," हे म्हणाले, "तुज्यामुळंच," आणि चपला घालून पेढीवर गेले.