इथपर्यंत झालं, पुढचं उद्या

एकोणीसशे एक्क्याऐंशी साली मला भंगारात काढायचे ठरले होते. मी मात्र अजून याच शाळेत, चारही पायांवर उभा आहे. मित्रांनो, मी दोघांनी बसायचा एक जुना लाकडी बाक. नाक मुरडू नका, आधी माझी गोष्ट ऐका.

सुताराने मला घडवले तेव्हा बजावले होते, "हत्ती बसला तरी मोडायचा नाही." हत्ती काही आला नाही, पण पंचवीस वर्षे दुसरीची पोरे माझ्यावर नाचली. मग नवे लोखंडी बाक आले आणि माझी रवानगी वर्गासमोरच्या जिन्याखाली झाली. सोबतीला झाडू आणि एक फुटका पृथ्वीगोल.

तिथे एके दिवशी शिवणआजी येऊन बसल्या. चाळीस वर्षे त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते. आता त्या रोज तासभर, मागे पडलेल्या मुलांना वाचायला शिकवायला आपणहून येत. निरनिराळ्या वर्गांतली नऊ मुले त्यांच्याकडे होती. दुसरीतली एकच, भिंगरी. एका जागी न ठरणारी सात वर्षांची पोर. दुसरीच्या बाई तिला दारातूनच सांगत, "जा गं आजींकडे." वर्गात कोणता धडा चालला आहे, पोरीचे कुठे अडते, याचा एक शब्द नाही. आजीही विचारत नसत. बाईंना कशाला त्रास, म्हणत.

कापड कुठपर्यंत कापायचे, याची खूण आजी जन्मभर चपट्या निळ्या खडूने करत आल्या होत्या. तशीच त्या पुस्तकातही करत. वाचन थांबले, की ओळीखाली रेघ. "इथपर्यंत झालं. पुढचं उद्या."

आणि वर्गात बाई ती रेघ पाहून कपाळाला हात लावत. "पुन्हा पुस्तक रंगवलंस? पूस आधी!"

भिंगरी मुकाट्याने पुसे. मग आजींसमोर कोरे पान येई. खडू दप्तरात घासून गेला असेल, असे म्हणून आजी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करत. दोन महिन्यांत ते पान भिंगरी पुस्तक उलटे धरूनही घडाघडा म्हणू लागली. दुसरे पान मात्र तिने पाहिलेच नव्हते. मला सगळे दिसत होते, पण बाकाला जीभ नसते.

एकदा मुख्याध्यापक आले. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. "दोन महिने एकच पान? महिन्याभराने मी स्वतः हिचं वाचन घेईन. नाही जमलं तर पोरगी पहिलीत, आजी घरी आणि हे बाकडं भंगारात." बोलता बोलता ते माझ्यावरच टेकले. माझ्या कडेचा खिळा थोडा वर आलेला होता. सरांची पँट टर्रकन फाटली. खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटले.

सरांचे हे बोलणे कानावर गेले आणि त्याच दुपारी बाई पहिल्यांदा जिन्याखाली आल्या. आजी पुस्तकात रेघ ओढत होत्या.

"अहो, हे काय करताय?"

"खूण. नेहमीच करते."

बाई मटकन माझ्यावर बसल्या. "म्हणजे ते तुमचं होतं? मी हिला दर वेळी पुसायला लावलं!"

आजी भिंगरीकडे वळल्या. "तुला तोंड नव्हतं का गं बये?"

"तुम्ही दोघी भांडला असता."

"भांडायलाच हवं होतं," बाई म्हणाल्या. "निदान बोललो तरी असतो."

मग दर सोमवारी मधल्या सुट्टीत बाई डबा घेऊन दहा मिनिटे माझ्यावर बसू लागल्या. या आठवड्यात धडा कोणता, ते सांगू लागल्या. "जोडाक्षराला अडते ती. पण लगेच सांगू नका, मनात तीन मोजा." आजी सांगत, "चारचौघांत वाचायला लावलं की घाबरते. आधी माझ्याकडे वाचू दे, मग वर्गात." रेघ पुसायची नाही, हेही ठरले. वर्गात बाईंनी बजावले, "आजींकडे जाणं म्हणजे शिक्षा नाही. त्या शिकवतात ते माझंच शिकवणं आहे."

एक दिवस, महिना संपायच्या आतच, शिपाईकाका मला भंगारात न्यायला आले, तर बाई आडव्या उभ्या राहिल्या. "हलवायचाच तर माझ्या वर्गात हलवा. खिडकीपाशी, उजेडात." मी ताठ मानेने आत गेलो.

महिना संपला. मोठे सर आले आणि माझ्यापासून हातभर लांब उभे राहिले. त्यांनी पुस्तक मधूनच उघडले. भिंगरीने बोट ठेवले. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीत ती अडली. सर तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी हात वर केला आणि एकेक बोट उघडले. एक, दोन, तीन. शब्द सुटला. सात ओळी वाचून ती थांबली.

"पुढे?" सर म्हणाले.

भिंगरीने आजींच्या हातातला खडू घेतला आणि ओळीखाली रेघ ओढली. "इथपर्यंत झालं, सर. पुढचं उद्या."

दुसऱ्या दिवशी सर पुढचे ऐकायला आले.

भिंगरी पहिलीत गेली नाही. मोठेपणी ती एका छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधू लागली. सरांची पँट शिवणआजींनीच रफू करून दिली. सर पुढे बदलून गेले. आजींनी आणखी अकरा वर्षे शिकवले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मुलेच त्यांच्या घरी जाऊ लागली. बाई निवृत्त झाल्या आणि पुढच्याच महिन्यात आजींच्या जागी येऊन बसल्या. नव्या शिक्षकांना म्हणाल्या, "सोमवारची दहा मिनिटं द्या. नाहीतर मीच तुमच्या वर्गात येऊन बसेन!" त्यांनी दिली.

मित्रांनो, तुमच्या शाळेत कोणी आपणहून शिकवायला येत असेल, तर त्यांना जिन्याखाली बसू देऊ नका. उजेडात जागा मागा. तुमच्या बाईंना, सरांना सांगा, की आठवड्यातून दहा मिनिटे त्या शिकवणाऱ्यांच्या शेजारी बसा. बसायला मी आहे. यंदा पुन्हा मला काढायचे म्हणतात. या म्हणावे. खिळा अजून जागेवर आहे.