बाबुरावांचा ओळंबा

डिचोलीच्या सगुण कासाराने बापाची छिन्नी तीस वर्षं वापरली. हातोड्याचे घाव खाऊन तिचं डोकं छत्रीसारखं पसरलं होतं, कडेला तडे गेले होते. पण बापाची वस्तू घासून कमी करणं त्याच्या जिवावर येई. गोव्याला राज्य मिळालं त्याच मे महिन्यात, ओतलेल्या पितळेची कड काढताना त्या डोक्याची कपची उडाली आणि उजव्या डोळ्यात शिरली.

शेजारी धावले. कोणी पाणी आणलं, कोणी तूप. एकजण तर डोळा चोळायलाच पुढे झाला. विमलाने, त्याच्या बायकोने, सगळ्यांना मागे सारलं.

"हात लावायचा नाही कोणी!"

तिने डोळ्यावर वाटी उपडी धरली ती पणजीच्या इस्पितळापर्यंत खाली घेतली नाही. डॉक्टरांनी कपची काढली, फाटलेलं बुबुळ शिवलं.

"वाटीने डोळा राखला," ते म्हणाले. "नजर मात्र येणार नाही. दिवा लागला की विझला, एवढं कळेल."

घरी येताच सगुणने पहिलं काम केलं ते छिन्नीचं डोकं घासून गोल करण्याचं. मग खरी अडचण कळली. चहा कपाच्या बाहेर पडे. खांदा दाराच्या चौकटीला लागे. जवळ काय, लांब काय, कळेना. आणि लेथवर देवळाची पुरुषभर उंच, आठ तुकड्यांची समई अर्धवट पडलेली.

देवळाचे कारभारी बाबुराव आले. "सगुणा, वाईट वाटून घेऊ नको मरे. म्हापशाला देऊ काय काम?"

"दसऱ्याला उभी करतो."

"एका डोळ्यान?"

"ओळंबा तुम्हीच घेऊन या. वाकडी निघाली तर परत समईला हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी लेथवर पटाशी आधी हवेतच थांबली, मग भसकन घुसली. समईच्या तबकडीला खोल चर पडला. सगुणने ती भट्टीत टाकली आणि पुन्हा ओतली. या खेपेला पटाशी आधी टेकूवर ठेवली, डावा अंगठा तिच्या टोकामागे लावला आणि पितळेचा आवाज येईपर्यंत तसूतसूने पुढे नेली. अंतर आता अंगठा मोजू लागला, कान मोजू लागला.

दसऱ्याला देवळात आठही तुकडे एकमेकांत फिरवून बसवले. आटे गच्च लागले. बाबुरावांनी ओळंब्याचा दोरा सोडला, मागे सरकले आणि एक डोळा मिटून बघू लागले.

"बाबुरावानू, डोळा कित्याक मिटला?" विमलाने विचारलं.

"सरळ बघायला एकच लागतो गो."

"मग आमच्या ह्यांना मिटायचा त्रास तरी नाही!"

सगळे हसले, सगुण सर्वांत मोठ्याने. दोरा आणि समई यांत केसाचा फरक नव्हता.

"पुढच्या वर्षी जोडीची कर," बाबुराव दोरा गुंडाळत म्हणाले.

सगुणने तबकडीच्या काठावर बोट टेकून तेल ओतलं. एक थेंब बाहेर गेला नाही. विमलाने वात पेटवली तेव्हा त्याने मुद्दाम डावा डोळा मिटला.

"लागला," तो म्हणाला.