सासूबाईंचा डावा पाय

गाडी सासूबाईंची आणि टर्बो माझा. ही वाटणी आमच्या घरात भांडण न होता झाली, यावर आजही कुणाचा विश्वास बसत नाही. सासूबाई निवृत्त होईपर्यंत ऑपरेशन थिएटरच्या हेड नर्स होत्या. मोठमोठे सर्जन म्हणे त्यांच्यासमोर धुतलेले हात वर धरून गुपचूप उभे राहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही छोटी गाडी घेतली, त्या वयात चालवायला शिकल्या आणि मी लग्न होऊन आले तेव्हा किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "सोमवार ते शनिवार माझी, रविवारी तुझी. इंजिनात काय धिंगाणा घालायचा तो घाल. मागच्या उशांना मात्र हात लावायचा नाही."

मी धिंगाणा घातला. टर्बो बसवला, सायलेन्सर बदलला, गाडी बोटभर खाली आणली. लोकरीच्या गुलाबी उशा जागच्या जागी आहेत. दर रविवारी मी टेकडीच्या शर्यतींना जाते. तिथे एकेक गाडी वळणावळणाच्या रस्त्याने वर सोडतात आणि कमीत कमी वेळात पोचेल तो जिंकतो. त्या उशांवरून मला तिथे आजवर कुणी कमी चिडवलेलं नाही. दर बुधवारी त्याच उशांवर सासूबाईंच्या दोन मैत्रिणी बसतात आणि तिघी पोहायला जातात. तिघींत गाडी येते ती एकट्या सासूबाईंना. मैत्रिणींना दारातून उचलताना त्या जो हॉर्न वाजवतात, तो ऐकण्यासारखा असतो.

तर टर्बोमुळे ताकद वाढली आणि जुन्या क्लचने हाय खाल्ली. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामधली एक चकती. स्प्रिंग तिला दाबून धरते म्हणून इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचते. आपण पेडल दाबलं की ती सुटते. आमची चकती न दाबताच सुटायला लागली होती. चढावर इंजिन किंचाळायचं आणि गाडी मात्र निवांत. मी दातांच्या कवळ्या बनवते, त्यामुळे मला हा प्रकार चांगला ठाऊक आहे. कवळी ढिली असली की तोंड चालत राहतं, पण घास काही तुटत नाही. मला असल्या ढिलेपणाचा भयंकर राग येतो. त्यातून मोसमातली पहिली शर्यत याच रविवारी होती.

"नवा क्लच घालायचाच आहे, तर एक सांगू?" नवऱ्याने नाश्त्याच्या टेबलावर घसा खाकरला. त्याला गाडीत बसलं की मळमळतं, त्यामुळे गाडीविषयी त्याची मतं फार ठाम असतात. "आईचा डावा गुडघा बघ. जिना आडवी होऊन उतरते. आता तिने टॅक्सीने जावं. म्हणजे तुला हवा तो क्लच, पेडल कितीही जड असलं तरी, घालता येईल."

सासूबाईंनी हातातला कप बशीत ठेवला. "माझा गुडघा माझ्याकडे आहे. तू तुझा चहा पी."

नवऱ्याने चहा प्यायला. पण त्याच्या बोलण्याने सासूबाईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला. एरवी त्या नाकावर माशी बसू देत नाहीत.

क्लच बसवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो गिऱ्हाइकाची परीक्षा घेतल्याशिवाय काम हातात घेत नाही. त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात लोखंडी सांगाड्यावर बसवलेली गाडीची एक जुनी सीट आहे. तिच्यासमोर एकच पेडल, क्लचचं, आणि त्यामागे तो हवी ती स्प्रिंग जोडून देतो. भिंतीवर एक दिवा असतो. तो लाल झाला की पेडल पूर्ण दाबायचं आणि हिरवा होईपर्यंत धरून ठेवायचं. शहरातला सगळ्यात रटाळ सिग्नल जितका वेळ लाल असतो, तितका वेळ तो दिवा लाल असतो. गाडी जो जो चालवतो त्याने तिथे बसायचं. नवरा-बायको असोत नाहीतर बाप-लेक, कुणालाही सूट नाही, म्हणून सासूबाईही माझ्याबरोबर आल्या होत्या.

मास्तर बडबड्या माणूस, मधूनमधून खोकणारा. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर टिचक्या मारायची त्याला सवय. त्याने टेबलावर एक क्लच ठेवला आणि दुसऱ्याचं चित्र दाखवलं.

"ताई, हा सिरॅमिकचा. चकतीवर या पाकळ्या आहेत ना, त्या धरतात त्या धरतातच. स्प्रिंग कडक. तुमचा टर्बो उद्या दुप्पट केलात तरी हा हूं की चूं करणार नाही. पण पेडल जड, आणि सोडताना गाडी हिसका देणार. तयार आहे, शनिवारी गाडी घेऊन जा."

"आणि हा चित्रातला?"

"हा दोन चकत्यांचा. पकड दोघींत वाटली जाते, म्हणून स्प्रिंग मवाळ चालते. पेडल हलकं. पण मागवावा लागतो, तुमचा रविवार उलटून जाईल. आणि पेडल दाबलं की आतून खडखड वाजतो. लोक म्हणतात गाडी बिघडली, मला शिव्या देतात. मी कुणाला सुचवतच नाही."

मला रविवार दिसत होता. मी सिरॅमिकची स्प्रिंग जोडायला सांगितली आणि सीटवर बसले. दिवा लाल झाला. सुरुवातीला मी हसत होते, मग हसू थांबलं, आणि हिरवा होईपर्यंत माझी मांडी थरथरायला लागली होती. पण धरलं.

"आता मावशी," मास्तर म्हणाला.

त्या नापास झाल्या तर मला मन मारून हलका क्लच घ्यावा लागणार होता. पास होतील असं मला अजिबात वाटत नव्हतं. सासूबाई शांतपणे सीटवर बसल्या. गॅरेजमध्ये गारठा होता. त्यांनी गुडघ्यांवर शाल पसरली, तिच्यावर पर्स ठेवली आणि म्हणाल्या, "लावा तुमचा दिवा."

दिवा लाल झाला आणि सासूबाई मास्तरशी त्याच्या खोकल्याविषयी बोलू लागल्या. किती दिवसांपासून आहे, कफ पडतो का, छातीचा फोटो काढला का. मास्तर आज्ञाधारकपणे उत्तरं देत राहिला. दिवा हिरवा झाला तरी त्यांचं पेडल दाबलेलंच.

"सोडू का आता?" त्यांनी विचारलं. "की अजून काही बघायचंय?"

मास्तरने दोन्ही हात जोडले. माझा आनंद गगनात मावेना. मी म्हणाले, "हाच बसवा!"

गाडी तिथेच सोडून आम्ही टॅक्सीने घरी निघालो. मी तोंडाने टेकडीची वळणं घेत होते. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. टॅक्सीवाल्याने एक वळण चुकीचं घेतलं, तरी त्या त्याला काही बोलल्या नाहीत.

"या बुधवारी मैत्रिणींना आपापलं जायला सांगते," त्या म्हणाल्या. "गाडी नाही ना."

"हो, पण पुढच्या बुधवारी आहेच की."

"बघू."

सासूबाई कधी 'बघू' म्हणत नाहीत. त्या हो म्हणतात, नाहीतर नाही म्हणतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात शर्यत.

कळलं ते दारात. सासूबाई अजूनही नर्सचे पांढरे बूट घालतात, तळापर्यंत पांढरे. वाकताना गुडघा दुखतो असं त्या कधी म्हणणार नाहीत, म्हणून त्यांचे बूट रॅकवर ठेवायचं काम न बोलता माझ्याकडे आलेलं आहे. मी बूट उचलले. उजव्या बुटाच्या तळाला पेडलच्या आडव्या रेघांचा काळाकुळकुळीत ठसा होता. डावा स्वच्छ. मी माझे बूट उलटे करून पाहिले. तेच ग्रीस, त्याच रेघा, पण ठसा डाव्यावर.

म्हणजे शालीखालून सासूबाईंनी उजव्या पायाने क्लच दाबला होता! एका ठणठणीत पायावर त्या परीक्षा पास झाल्या होत्या. खऱ्या गाडीत उजवा पाय ब्रेकवर ठेवावा लागतो, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणजे गाडी परत आली की त्या एकदाही ती चालवू शकणार नव्हत्या, आणि हे सगळं ठाऊक असून त्यांनी मला माझा क्लच दिला होता. हॉर्न, मैत्रिणी, बुधवार, सगळं त्या एका 'बघू'मध्ये गुंडाळून.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. त्यांचा, माझा, त्या शालीचा. आतल्या खोलीतून त्यांच्या चालण्याचा आवाज येत होता, एक पाऊल जोरात, एक हळू. मी बूट घेऊन तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहणार होते. पण मग म्हटलं, जाऊन बोलणार काय? तुम्ही पकडल्या गेलात, म्हणून? ज्या बाईसमोर सर्जन गुपचूप उभे राहायचे, तिला मी दारातल्या बुटांवरून बोल लावू? मी ओल्या फडक्याने ठसा पुसला, बूट रॅकवर ठेवले आणि बाल्कनीत जाऊन मास्तरला फोन केला.

"सिरॅमिकचा नको. दोन चकत्यांचा मागवा."

"अहो ताई, रविवार जाईल! आणि खडखडाट?"

"वाजू दे."

"मावशी तर दणक्यात पास झाल्या!"

"मी नापास झाले असं समजा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

जेवताना मी जाहीर केलं. शक्य तितक्या सहज आवाजात सांगितलं की विचार केला, ते पेडल मलाच झेपायचं नाही. वळणावळणाला दाबायचं म्हणजे पाय गळून जाईल. तिथे खुर्चीतच थरथरत होता. म्हणून हलका मागवला आहे, ही शर्यत जाऊ दे, पुढची बघू.

"तुला झेपायचं नाही?" नवऱ्याने आ वासला. "तू तर कपाट एकटीने सरकवतेस!"

मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. डाव्याच पायाने, आणि चांगली जोरात. सासूबाई ताटाकडे बघत घास चावत राहिल्या. घास संपला. पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उजव्या पायाने दाबून बघायचं होतंस. सोपं जातं."

मला ठसका लागला. सासूबाई उठल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तो हात जरा जास्त वेळ तिथेच राहिला. नवरा दोघींकडे आळीपाळीने बघत होता. त्याला आजतागायत काही कळलेलं नाही.

मी शहाणपणा केला म्हणून त्या रविवारी मला बरं वाटलं असेल, असं कुणी समजू नये. दिवसभर मी तोंड फुगवून बसले होते. दुपारी निकाल कळला. माझ्यापेक्षा हळू चालवणारा एक न्हावी तिसरा आला होता. मी एक कवळी इतकी घासली की ती टाकून द्यावी लागली.

क्लच आला, बसला. मास्तरच्या खुर्चीत सासूबाई पुन्हा बसल्या. या वेळी शाल त्यांनी स्वतःहून घडी करून माझ्या हातात दिली. डावा पाय पेडलवर. दिवा लाल असेपर्यंत त्या बोलल्या नाहीत, ओठ घट्ट मिटलेले. हिरवा झाल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि मास्तरला विचारलं, "छातीचा फोटो काढलात का?"

मास्तरने काढला नव्हता. त्यावर त्याला जे ऐकावं लागलं, त्यापुढे खडखडाट काहीच नव्हता.

बुधवारी मी मुद्दाम कामावर उशिरा गेले. मैत्रिणी मागे उशांवर, मी पुढे बाजूला, सासूबाई स्टिअरिंगवर. चढावरच्या सिग्नलला गाडी थांबली, पेडल दाबलं गेलं आणि खालून खडखड सुरू झाली.

"अगं बाई, आत चमचे राहिलेत का?" मागून एक मैत्रीण ओरडली.

"शर्यतीचा क्लच आहे," सासूबाई म्हणाल्या. "असाच वाजतो. तुम्हाला नाही कळायचं."

मागच्या गाडीवाल्याने बंपरला बंपर भिडवला होता. सिग्नल हिरवा झाला. गाडी तसूभरही मागे गेली नाही. त्यांनी पेडल सोडलं, टर्बोने शीळ घातली आणि आम्ही चौघी त्या चढावरून अशा वर गेलो की मागच्या दोघी उशांत रुतल्या आणि खिदळत राहिल्या. सासूबाईंनी हॉर्न वाजवला. समोर कुणीच नव्हतं.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा त्यांचे बूट दारातच होते. उजवा नीट उभा होता. डावा पायानेच उलटा करून ठेवलेला होता, आणि त्याच्या पांढऱ्या तळावर क्लचच्या पेडलच्या रेघा उमटल्या होत्या. मी बूट रॅकवर ठेवले. तो ठसा मी पुसला नाही.